सेवाचाकरी

नोंदणी कचेरीतील जुने दस्त ज्यांनी थोडेबहुत चाळले असतील त्यांना मृत्युपत्रांत आणि बक्षीसपत्रांत पुनःपुन्हा येणारा एक मजकूर चांगला परिचयाचा असेल. लिहून देणारा इसम वृद्ध झालेला असतो, शेताची वहिवाट त्याच्याने होईनाशी झालेली असते, आणि आपली जमीन आपण पुतण्याला, मुलीला किंवा क्वचित एखाद्या परक्याला का देत आहोत याचे कारण नमूद करताना तो अर्जनवीसाकडून लिहवून घेतो की, लिहून घेणार याने माझी सेवाचाकरी केली असून यापुढेही माझ्या हयातीत तो ती करील अशी माझी खात्री आहे. वर्धा, आर्वी, हिंगणघाट, कोणत्याही तहसिलीच्या गावी गेले तरी या मजकुरात फारसा फरक आढळावयाचा नाही. त्यात कृतज्ञता आहे, मोबदला आहे, आणि नीट पाहिले तर थोडी भीतीही आहे. कारण खात्री आहे असे मनुष्य लेखी देतो ते बहुधा ती पुरती नसते तेव्हाच. पुढे या भीतीला कायद्यानेच मान्यता दिली. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी २००७ साली संसदेने जो अधिनियम केला, त्याच्या तेविसाव्या कलमान्वये सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत घेणाऱ्याने अट मोडल्यास तो व्यवहार रद्दबातल ठरविता येतो, आणि मग ज्याने सांभाळायचे तो व ज्याला सांभाळायचे तो, असे दोघेही उपविभागीय अधिकाऱ्याच्या दालनात समोरासमोर उभे राहतात.

धार्मिक वृत्तीच्या मनुष्याला असल्या दस्ताकडे किंचित तुच्छतेने पाहण्याचा मोह होतो. सेवा ही काय अटीवर करावयाची वस्तू आहे, असे तो म्हणेल. आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. तथापि या दस्ताचा एक गुण असा आहे, जो आमच्या पुष्कळ उदात्त वाङ्मयात सापडत नाही. येथे बोलतो तो सांभाळला जाणारा. आपल्याला काय मिळाले, काय मिळावयास हवे होते आणि त्याची किंमत आपण काय समजतो, हे तो स्वतःच्या अंगठ्यानिशी सांगतो. याउलट सेवेच्या कथा आम्ही ज्या भक्तिभावाने ऐकतो त्यांत नायक असतो तो सेवा करणारा. पुंडलिकाचीच गोष्ट घ्या. आईवडिलांचे पाय चेपीत असता दारी आलेल्या परमेश्वराला त्याने विटेवर तिष्ठत उभे केले, आणि या एका कृत्यावर उभ्या महाराष्ट्राचा भक्तिमार्ग आधारलेला आहे. परंतु त्या प्रसंगी ती वृद्ध माणसे काय म्हणाली हे कोणी सांगत नाही. कीर्तनकार त्यांना निजवून ठेवतात. ज्या पुत्राने पूर्वी त्यांना छळले होते त्याच्या या नव्या सेवेविषयी त्यांना काय वाटत होते, ती त्यांना हवी होती की सहन करावी लागत होती, हा प्रश्न कथेत उद्भवतच नाही, कारण कथा त्यांची नाहीच. ती पुंडलिकाच्या उद्धाराची आहे.

येथेच प्रस्तुत विषयातील खरी अडचण आहे. एखाद्या दुबळ्या, रुग्ण किंवा वृद्ध जीवाची काळजी वाहणे हे सर्व धर्मांनी पुण्यकर्म मानले आहे, आणि आमच्याकडील साधकांनी तर ते चित्तशुद्धीचे साधन म्हणूनच पुरस्कारिले आहे. परंतु साधन म्हटले की साध्य वेगळे झाले. आणि साध्य जर माझी चित्तशुद्धी असेल, तर माझ्यासमोर खाटेवर पडलेला मनुष्य त्या साधनेची सामग्री ठरतो, समिधेप्रमाणे. त्याचा ताप माझ्या तपाच्या उपयोगी पडतो. असे बोलणे कठोर वाटेल, पण ज्यांनी दीर्घकाळ अंथरुणावर काढला आहे त्यांना विचारले तर पुण्यशील सेवकापेक्षा पगारी परिचारिका बरी, असे म्हणणारे त्यांच्यांत थोडे निघणार नाहीत. पगारी बाईच्या ऋणात राहावे लागत नाही. तिला पाणी थंड आहे असे सांगता येते.

या अडचणीचा विचार वर्धा जिल्ह्याच्या आधाराने करावा असे मला वाटते, त्याचे कारण उघड आहे. १९२१ मध्ये जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून विनोबा येथे आश्रम चालविण्यास आले आणि १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगावच्या माळावर राहावयास गेले, तेव्हापासून पुढे अर्धशतकाहून अधिक काळ या एका जिल्ह्यात सेवा या कल्पनेची जितक्या बाजूंनी परीक्षा झाली तितकी ती क्वचितच कोठे झाली असेल. टपालात शेगाव-शेगाव असा घोटाळा होऊ लागल्याने १९४० मध्ये त्या गावाचे नाव बदलावयाचे ठरले, तेव्हा निवडलेले नावही सेवाग्राम. नाव इतके मोठे ठेवले म्हणजे गावावर एक प्रकारचा बोजाच पडतो, हा भाग अलाहिदा.

गांधीजींच्या आगमनाच्याच वर्षी, म्हणजे १९३६ साली, वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी महारोग्यांच्या सेवेचे काम आरंभिले. विनोबांच्या नालवाडीच्या आश्रमातील कार्यकर्ते आसपासच्या खेड्यांत हिंडत असत आणि या रोगाचा प्रादुर्भाव तेथे किती आहे हे त्यांच्या प्रत्ययास येत चालले होते. त्यांतूनच मनोहरजींच्या मनाने हे काम घेतले. त्या काळी ख्रिस्ती मिशनांच्या बाहेर असे काम करणारे भारतीय मनुष्य दुर्मिळ, रोगावर खात्रीचा इलाज नाही, आणि संसर्गाची भीती तर आजच्याहून कितीतरी पटींनी अधिक. मनोहरजींची आई आश्रमातच राहत असे. तिने हरकत घेतली, आणि कोणत्याही आईने ती घेतली असती. यावर विनोबांनी तिला ब्रह्मविद्या सांगितली नाही, त्यागाचे माहात्म्यही वर्णिले नाही. त्यांनी एवढेच विचारले की, उद्या हा रोग तुम्हालाच झाला, तर मनोहरने तुमची सेवा करू नये असे तुम्ही त्याला सांगाल काय? म्हातारी क्षणभर विचारात पडली आणि तिने मुलाला आशीर्वाद दिला.

ही आख्यायिका विनोबा स्वतः सांगत, आणि सांगणाऱ्याच्या बुद्धीचे कौतुक म्हणून ती ऐकली जाते. मला तीत दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. आईची हरकत होती ती सेवा करणाऱ्याच्या बाजूने. माझा मुलगा जाईल, माझ्या मुलाला बाधेल. विनोबांनी तिला उचलून खाटेवर नेऊन निजविले आणि तेथून मुलाकडे पाहावयास सांगितले. सेवेच्या प्रश्नाचा निकाल सेवकाच्या जागेवरून लागत नाही, तो लावावयाचा तर रुग्णाच्या जागेवर जाऊन बसावे लागते, एवढी गोष्ट त्या एका प्रश्नात होती. आणि त्या आईने ती जितक्या सहज ओळखली तितक्या सहज आम्ही वाचणारे ओळखत नाही. १९४१ साली लिहिलेल्या रचनात्मक कार्यक्रमाच्या पुस्तिकेची सुधारलेली आवृत्ती १९४५ मध्ये निघाली तेव्हा गांधीजींनी तीत महारोग्यांसंबंधी स्वतंत्र प्रकरण घातले आणि दत्तपूरच्या कामाचा तेथे गौरवपूर्वक उल्लेख केला. मनोहरजींच्या आईचा उल्लेख अर्थातच कोठे नाही.

दत्तपूरहून सेवाग्रामकडे वळावे तो परचुरेशास्त्र्यांचे नाव अपरिहार्यपणे समोर येते. दत्तात्रेय वासुदेव परचुरे हे संस्कृताचे व्युत्पन्न पंडित, सत्याग्रहात तुरुंग भोगलेले. १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात ते आणि गांधीजी एकाच भिंतीच्या आत होते, परंतु शास्त्रीबोवांना महारोग झालेला असल्याने त्यांना वेगळे ठेवलेले, आणि भेटीची परवानगी गांधीजींनी मागूनही मिळाली नाही. तेव्हा पत्रव्यवहारावरच भागवावे लागले. पुढे रोग बळावला, आप्तांनी दूर लोटले, आणि १९३९ च्या अखेरीस हा विद्वान ब्राह्मण सेवाग्रामच्या दाराशी येऊन उभा राहिला. मागणे मोठे नव्हते. आश्रमात शांतपणे मरण यावे, इतकेच.

गांधीजींनी त्यांना तत्काळ कवटाळले असे जे चित्र पुढे रूढ झाले आहे ते वस्तुस्थितीचा अर्धाच भाग सांगते. आश्रमात बायका होत्या, मुले होती, स्वतःची इच्छा असो वा नसो गांधीजींमागे आलेली माणसे होती. त्या सर्वांना आपल्या एकट्याच्या धर्मबुद्धीखातर धोक्यात घालण्याचा आपल्याला अधिकार काय, या विचाराने त्यांना घेरले. सहकाऱ्यांशी बोलणे झाले आणि त्यानंतरच शास्त्रीबोवांना ठेवून घेण्याचे ठरले. मला ही घालमेल त्या निर्णयाहूनही मोलाची वाटते. परोपकाराच्या आवेशात दुसऱ्यांची काळजी विसरणारे थोर पुरुष आमच्या इतिहासात पुष्कळ आहेत; एकाची काळजी घेताना दहांची सोडावी लागत नाही ना, हे तपासणारे फार थोडे.

मग गांधीजींच्या कुटीजवळ शास्त्रीबोवांसाठी एक झोपडी उभी राहिली. गांधीजी रोज जाऊन त्यांच्या जखमा पाहत, स्वहस्ते मालिश करीत, आहार ठरवून देत. त्या मालिशीचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध आहे. त्यात शास्त्रीबोवा पडलेले आणि महात्मा वाकलेला. परंतु छायाचित्रात जे येऊ शकले नाही ते असे की, मालिश करता करता दोघांत संस्कृत श्लोकांची चर्चा चाले, आणि आश्रमातील माणसे पुढे त्यांच्याकडे संस्कृत शिकावयास बसत. ज्याला मरण्यापुरती जागा पाहिजे होती त्याला शिकविण्याचे काम मिळाले. माझ्या मते शास्त्रीबोवांना सर्वांत अधिक आराम कशाने पडला असेल तर तो तेलाने नव्हे, चुकलेला पाठ दुरुस्त करण्याच्या अधिकाराने. जो मनुष्य दिवसातून तासभर कोणाचा तरी गुरू असतो तो उरलेल्या वेळात रुग्ण असला तरी केवळ रुग्ण राहत नाही. पुढे ते दत्तपूरला गेले आणि तेथेच त्यांचा अंत झाला.

आता या सर्वाला गीतेतील अनासक्तीची कसोटी लावून पाहावी असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे, कारण या मंडळींचा तोच मुख्य ग्रंथ. विनोबांनी तिचे मराठी रूपांतर केले आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात तिच्यावर अठरा प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी टिपून घेतली म्हणून आम्हाला मिळाली. फळाची आशा न धरता कर्म करावे, ही शिकवण शेतकऱ्याला लागू करता येईल, शिपायालाही येईल. परंतु ती शुश्रूषेला लागू करू गेले की बुद्धी अडखळते. रोग्याचा ताप उतरतो की नाही याविषयी जो उदासीन, तो कसला आला आहे शुश्रूषक? आई आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढते ती ताप उतरावा म्हणूनच, आणि पहाटे कपाळाला हात लावून पाहते ते फळाच्या आशेनेच. ही आसक्ती काढून टाकली तर मागे जे राहील त्याला सेवा म्हणण्यापेक्षा कवायत म्हणणे अधिक शोभेल.

याचे उत्तर असे देतात की, त्यागावयाची ती स्वतःच्या फळाची आशा, रुग्णाच्या नव्हे. आणि हे उत्तर ठीकच आहे, फक्त ते वाटते तितके सोपे नाही. कीर्तीची आशा टाकता येते, मोबदल्याचीही टाकता येते. पण आपल्यामुळे हा बरा झाला, असे वाटण्याची जी एक सूक्ष्म गोडी आहे ती भल्याभल्यांना सुटत नाही, आणि रुग्ण बरा झाला नाही म्हणजे तिचेच रूपांतर रागात होते. पथ्य मोडणाऱ्या रोग्यावर आपण चिडतो ते त्याच्या प्रकृतीसाठी किती आणि आपले श्रम वाया गेले म्हणून किती, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडणारा मनुष्य विरळा. विनोबांनी आपल्या प्रवचनांत बाह्य कर्म आणि त्याच्या जोडीला चाललेले मनाचे आंतरिक कर्म असा भेद करून, या दोहोंचा मिलाफ झाला म्हणजे कर्माचा भार वाटेनासा होतो असे प्रतिपादिले आहे. सेवेच्या बाबतीत त्या आंतरिक कर्माचा अर्थ मी असा समजतो की, हाताने जखम धूत असता मनाने त्या मनुष्याचे ऐकत राहावे. तो आज काय म्हणतो, कशाला नको म्हणतो, कोठे त्याला लाज वाटते. असे ऐकणारा सेवक आपोआप स्वतःला विसरतो. विसरण्याचा निराळा अभ्यास त्याला करावा लागत नाही.

जाता जाता जमनालालजींचा उल्लेख करावयास हवा. आयुष्याच्या अखेरीस, १९४१ मध्ये, राजकारण आणि व्यापार दोन्ही बाजूंस सारून त्यांनी गोसेवेचे व्रत घेतले, गोपुरीत झोपडी करून राहिले, आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे देहावसान झाले. अब्जावधींचे व्यवहार ज्या घराण्याच्या नावाने पुढे चालले त्याचा मूळपुरुष गोठ्यापाशी शांती शोधीत होता, ही गोष्ट हृदयस्पर्शी खरी. परंतु गाय ही सेवा करून घेणारी म्हणून फार सोईची असते, हेही नाकारता येत नाही. ती मतभेद व्यक्त करीत नाही.

ज्यांना सेवा म्हणजे केवळ अंतःकरणाचा विषय वाटतो त्यांनी याच वर्ध्यातील दुसरा अध्याय वाचावा. महारोग्यांसंबंधीचा १८९८ चा इंग्रजी कायदा निराधार रोग्यांना पकडून आश्रमात डांबण्याचा होता. त्यात औषधोपचाराची भाषा होती, तरी मूळ हेतू बंदोबस्ताचा, आणि तो कायदा २०१६ पर्यंत पुस्तकातून पुरता गेला नव्हता. गांधीजींच्या पश्चात १९५१ साली वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले, आणि डॉ. वर्देकर यांनी तेथे जे काम उभे केले ते आश्रमाच्या अगदी उलट दिशेचे होते. रोग्याला घरातून उचलून आणावयाचे नाही. घरोघर जाऊन पाहणी करावयाची, लोकांना रोगाची माहिती द्यावयाची आणि डॅप्सोनची गोळी त्याच्या दाराशी पोहोचवावयाची. पाहणी, शिक्षण आणि उपचार. हा सगळा कारभार नोंदवह्यांचा, रकान्यांचा, अंगावरील चट्टे मोजण्याचा. त्यात कोणी कोणाचे पाय चेपीत नाही. पुढे बहुऔषधी उपचार निघाला तेव्हा देशात तो प्रथम ज्या मोजक्या जिल्ह्यांत राबविला गेला त्यांत १९८२ च्या सुमारास वर्धा होता, आणि जो रोग जन्मभर पिच्छा पुरवीत असे तो वर्षा-दोन वर्षांत बरा होऊ लागला. मालिशीने बरे झाले त्यांच्यापेक्षा रकान्यांनी बरे झाले ते असंख्य पटींनी अधिक आहेत, आणि भक्तिमान मनुष्याने हे न कुरकुरता कबूल करावे. घरीच राहून गोळी घेणारा शेतमजूर कोणाचा उपकृत नव्हता. त्याला आपला गाव, आपली बायको, आपली भांडणे सोडावी लागली नाहीत.

तरीसुद्धा रकान्यात न मावणारे काही उरतेच. रोग गेला तरी झडलेली बोटे परत येत नाहीत आणि सोडून गेलेले आप्तही येत नाहीत. महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आमच्या विवाहविषयक कायद्यांत २०१९ पर्यंत कायम होते. म्हणजे औषधाने बरे झालेल्याला कायदा तोवर बरा समजत नव्हता. याच जिल्ह्यातील हिंगणघाटला १९१४ मध्ये जन्मलेल्या बाबा आमट्यांनी पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन वसविले, तेव्हा त्यांचा सारा भर उपचाराइतकाच रोग्याच्या श्रमावर होता; त्याने पिकवावे, विकावे, बांधावे आणि कोणापुढे हात पसरू नये. परचुरेशास्त्र्यांना संस्कृताने जे दिले तेच येथे कुदळीने दिले.

या सर्व थोर नावांच्या गर्दीत एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे, आणि ती नमूद केल्यावाचून पुढे जाता येत नाही. सेवेचे तत्त्वज्ञान सांगितले ते बहुतेक पुरुषांनी, आणि रोज पहाटे उठून अंथरुणे बदलली ती बहुतेक स्त्रियांनी. पुरुषाने एकदा केलेली शुश्रूषा हा प्रसंग ठरतो, स्त्रीने चाळीस वर्षे केलेली हा तिचा स्वभाव ठरतो. वऱ्हाड-विदर्भातील कोणत्याही घरात पडवीत खाट टाकून पडलेल्या सासऱ्याचे कोण पाहते, असे विचारले तर उत्तरादाखल घरातील लेकाचे नाव सांगतात आणि पाण्याचा तांब्या सून आणून ठेवते. दस्तात सेवाचाकरीबद्दल जमीन मिळते तीसुद्धा लेकाच्याच नावे.

कस्तुरबांचे उदाहरण या संदर्भात आठवल्याखेरीज राहत नाही. त्यांनी आयुष्यभर किती जणांचे केले याची गणती नाही. पण आगाखान राजवाड्यातील स्थानबद्धतेत स्वतः अंथरूण धरल्यावर त्यांनी मागितले ते एवढेच की, आयुर्वेदाच्या वैद्याला दाखवावे. ही मागणी सरकारच्या कानी घालण्यासाठी गांधीजींना पत्रांमागून पत्रे लिहावी लागली. वैद्य शिवशर्मांना येण्याची परवानगी मिळाली तेव्हाही प्रथम त्यांना आत रात्र काढू देत नसत, म्हणून ते फाटकाबाहेर मोटारीत झोपत. शेवटी देवदासांनी विमानाने पेनिसिलिन मागविले. आता टोचण्यांनी तिला छळू नये असे गांधीजींचे मत पडले, पितापुत्रांचा वाद झाला, आणि २२ फेब्रुवारी १९४४ च्या सायंकाळी बा गेल्या. पेनिसिलिन द्यावयास हवे होते की नव्हते यावर पुष्कळांनी लिहिले आहे. वैद्य मागणाऱ्या बाईला वैद्य वेळेवर मिळाला असता तर तिला कसे वाटले असते, यावर फारसे कोणी लिहीत नाही.

त्यांच्याच नावाने १९४५ मध्ये सेवाग्रामला स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी पंधरा खाटांचा दवाखाना निघाला, आणि बांच्या अखेरच्या दिवसांत त्यांच्याजवळ असलेल्या डॉ. सुशीला नय्यर यांनी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय उभारले. या रुग्णालयाच्या इतिहासात मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या खेड्यांत चालविलेली ज्वारीची योजना. सुगीच्या वेळी गावातील प्रत्येक घराने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावयाची, ज्याची जमीन अधिक त्याने अधिक, भूमिहीनाने थोडी. गावातील बहुसंख्य घरे सामील झाली तरच योजना लागू व्हावयाची. आणि मग त्या गावच्या रोग्याला रुग्णालयात सवलतीने, काही आजारांत विनामूल्य, उपचार मिळावयाचे. फुकट का नाही, असे कोणी विचारील. फुकट उपचार घेणारा दारात अवघडून उभा राहतो. पायलीभर ज्वारी दिलेला मनुष्य उशीर झाला तर डॉक्टरला जाब विचारू शकतो. सुरुवातीला उल्लेखिलेल्या दस्तातील वृद्धाला जमीन देऊन जे मिळवावयाचे असते, ते येथे गावाने ज्वारी देऊन मिळविले, आणि तेही एकमेकांच्या भरवशावर. मोबदल्याची कल्पना सेवेला कमीपणा आणतेच असे नाही, याला यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

राहता राहिली सेवा नाकारण्याची गोष्ट. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारच्या आश्रमात विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. सत्त्याऐंशी वर्षांचे वय; उपचारांनी प्रकृतीला उतार पडू लागला होता असे म्हणतात, तोच त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही सोडली, आणि धाम नदीच्या काठच्या त्या टेकडीवर १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, प्राण ठेवला. सेवाग्रामचे डॉक्टर जवळ होते. आर्जवे सर्वांनी केली. ब्रह्मविद्या मंदिराच्या ज्या भगिनींनी वर्षानुवर्षे त्यांचे सर्व काही पाहिले त्यांना त्या आठवड्यात पाण्याचा पेला पुढे करण्याचीही मुभा नव्हती. आणि तरी त्या तेथून हलल्या नाहीत. हे वैद्यकशास्त्राच्या विरुद्ध होते, काहींच्या मते कायद्याच्याही. माझ्यापुरते सांगावयाचे तर, ज्या माणसाने मनोहरजींच्या आईला रुग्णाच्या जागी बसविले त्याने स्वतः रुग्ण झाल्यावर तेथूनच निर्णय द्यावा, यात मला विसंगती दिसत नाही.

परंतु याच कारणासाठी या उदाहरणाचा वापर फार जपून करावयास हवा. विनोबांच्या खाटेशी डॉक्टर हजर होते, औषध हाताच्या अंतरावर होते, देशाचे लक्ष तिकडे लागलेले होते. घेणे शक्य असता त्यांनी घेतले नाही. समुद्रपूर किंवा कारंजा तालुक्यातील एखादा वृद्ध शेतकरी, आता कशाला दवाखाना, माझे झाले आता, असे म्हणून भिंतीकडे तोंड करतो, तेव्हा घरचे लोक त्यालाही वैराग्यच समजतात, किंबहुना तसे समजणे सर्वांना परवडते. त्याच्या मनात मात्र बहुधा मोटारीचे भाडे असते, सुनेची बुडणारी मजुरी असते, आणि कपाशीवर काढलेल्या कर्जाचा हप्ता असतो. त्याचा नकार ऐकावा, पण एवढ्यावर तो मान्य करू नये. आधी भाडे द्यावे, सुनेच्या रोजाची सोय लावावी, हप्त्याला मुदत मागून घ्यावी, आणि मग त्याला पुन्हा एकदा विचारावे.